बेचाळीस पावलं

१

महेंद्र बावीस वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता, आणि क्वालिटीतला माणूस रिटायर झाला तरी मोजायची खोड काही जात नाही. मेथीच्या जुडीत काड्या किती, एसटी किती मिनिटं उशिरा आली, सरपंचांनी भाषणात 'विकास' कितीदा म्हटलं, सगळं याच्याकडे नोंदलेलं. शेवटी बायको, प्रतिभा, वैतागून म्हणाली, "अहो, माणसं मोजू नका, भांडणं लागत्यात. नदीवर जा आन् पाखरं मोजा." ती थट्टेनं बोलली होती. यानं मनावर घेतलं.

त्याला चार वर्षं झाली. वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला भीमा वळण घेते. माघात पाणी ओसरायला लागलं की तिथं अलीकडच्या काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पलीकडे दौंड तालुका आणि तिथल्या पाण्याच्या मोटारींची पत्र्याची खोपटी. अलीकडे हौसरावांचा ऊस, आणि उसाच्या कडेला त्यांच्या बंद पडलेल्या मोटारीचा सिमेंटचा चौथरा. महेंद्र रोज सकाळी साडेसहाला त्या चौथऱ्यावर दुर्बीण घेऊन उभा राहायचा. नियम एकच, अर्धा तास जागचं हलायचं नाही. चक्रवाक किती, थापट्या किती, लाल पायांचे शेकाटे किती, नदीसुरय किती, सगळं वहीत. नदीला तो कंपनीच म्हणायचा. "कंपनीत जाऊन येतो," म्हणून निघायचा.

गाळाच्या कडेला टिटव्यांची एक जोडी राहायची. ती त्याच्या लेखी गेटवरची सिक्युरिटी. कुणी खाली उतरलं की टिटवी असा काही आरडाओरडा करायची की अर्धी नदी उडून जायची. म्हणून मोजणी झाल्यावरच तो उतरायचा, आणि उतरताना तिचंही माप घ्यायचा. ती ओरडली की जागीच थांबायचं आणि ती उभी होती तिथपर्यंत पावलं मोजत जायचं. कधी चाळीस, कधी चव्वेचाळीस. चार वर्षांची सरासरी बेचाळीस. गावात टिटवी ओरडली की लोक थुंकतात, अशुभ म्हणतात. महेंद्रनं विहारात अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं होतं आणि त्यात टिटवीची बाजू घेऊन पाच मिनिटं जास्त खाल्ली होती.

या जानेवारीत मात्र वही पंचवीस दिवस कोरी राहिली. प्रतिभाचा ताप डोक्यात गेला. पुण्याच्या दवाखान्यात ती सोळा दिवस मशीनवर होती. महेंद्र बाहेरच्या बाकावर बसून होता, आणि नवस न मानणारा हा माणूस एका पहाटे कुणाला ते न कळता म्हणून गेला, "कायबी चालंल. फक्त ही घरी येऊ दे." त्यानंतर तासाभरात आतून बोलावणं आलं. चेहरे पाहून त्याला वाटलं, संपलं. आत गेला तर प्रतिभा डोळे उघडून पाणी मागत होती, आणि डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघत होती.

२

घरी आल्यावर तो रोज सकाळी उठून आधी तिच्याकडे बघायचा. अमुक एका देवाचे आभार मानावेत तर तो त्यातला नव्हता, म्हणून तो सगळ्यांचेच मानायचा. नर्सबाईंचे, रिक्षावाल्याचे, सलाईनच्या बाटलीचे. चहा पिताना डोळे भरून यायचे आणि मग चहा गरम होता म्हणून सांगायचा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्रतिभा म्हणाली, "मला पण न्या की तुमच्या कंपनीत. घरात बसून कंटाळा आला."

डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंच होतं. दोघं गेली. नदीवर धुकं होतं, पांगाऱ्याला लाल फुलं आली होती. महेंद्र चौथऱ्यावर चढला आणि मोजायला लागला. प्रतिभा दहा मिनिटं शेजारी उभी राहिली, मग उतार उतरून खाली निघाली.

"अगं, थांब! सिक्युरिटी ओरडंल!" तो दबक्या आवाजात म्हणाला. चारशे थापट्यांची मोजणी अर्धवट होती.

ती पोचली होती गाळापर्यंत. टिटवी तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. महेंद्रनं दात आवळले. पण टिटवी ओरडली नाही. मान वाकडी केली नाही की एक पाय उचलला नाही. प्रतिभा तिच्या शेजारून गेली. पुढे शेकाट्यांचा थवा चिखलात चोची मारत होता, त्याच्या मधून गेली. एकाही पाखरानं तिच्यासाठी बाजूला पाऊल टाकलं नाही. ती गेली आणि पाखरं आपली टिपत राहिली.

महेंद्रला काय आनंद झाला म्हणता! परत आल्यावर तो तिला म्हणाला, "चार वर्षं मी तपश्चर्या करतोय, आन् तू पहिल्याच दिवशी पास. दवाखान्यात हळू चालायला शिकलीस, त्याचा गुण."

"असंल," प्रतिभा म्हणाली आणि पदरानं हात पुसले.

३

एकदा घडलं तर योगायोग, हे त्यालाही मान्य होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी त्यानं माप घेतलं. आधी हौसरावांचं घेतलं, त्यांना न सांगता. सत्तेचाळीस पावलं. हौसरावांच्या कुत्र्याचं सत्तरच्या आसपास, कारण कुत्रं सरळ चालत नाही. आणि प्रतिभाचं शून्य. रोज शून्य.

त्याच्या डोक्यात लगेच कारणं तयार झाली. तिची साडी राखी रंगाची. ती अशक्त, पाऊल हलकं. टिटवीची अंडी घालायची वेळ, घरट्यावरून लक्ष हलू नये म्हणून गप्प बसत असेल. मग हौसरावांवर का ओरडते? तर हौसराव ओरडण्यासारखेच आहेत. इथं तो स्वतःशीच हसला.

पाचव्या दिवशी उतारावर दव पडून निसरडं झालं होतं. त्यानं प्रतिभाचा हात धरला आणि दोघं मिळून खाली उतरली. हात उबदार होता. टिटवी समोर उभी होती. दहा पावलं, पाच पावलं, दोन. टिटवी गप्प. महेंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्याभोवतीची लाल कड दुर्बिणीशिवाय पाहिली. श्वास रोखून तो बघत राहिला.

प्रतिभाला एक दगड मिळाला, ती बसली. त्यासाठी तिनं त्याचा हात सोडला.

टिटवी किंचाळून वर उडाली. ती अशी उडाली की जणू हा माणूस जमिनीतून उगवला होता. त्याच्या डोक्याभोवती घिरट्या घालत ती ओरडत राहिली. मागून शेकाटे उठले, थापट्या उठल्या, पाण्यावर पंखांचा आवाज पसरत गेला. प्रतिभा दगडावर बसून होती. तिच्या पायाशी एक धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत होता, एवढ्या गोंधळात त्याला तिचं काहीच नव्हतं.

"चला घरी," ती म्हणाली. "ऊन होईल."

परतताना त्यानं तिचा हात धरला नाही. मग लाज वाटली आणि धरला.

४

क्वालिटीत एक पद्धत असते. शंका आलेला पीस बाजूला काढायचा आणि पहिल्यापासून सगळी मापं घ्यायची. महेंद्रनं घेतली. डाव्या कानामागचा तीळ जागेवर होता. मनगटावरचा तव्याचा चटका होता. चहात आलं तेवढंच, भाकरीचा पापुद्रा तसाच. एकदा जेवताना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मी बघायला आलो तवा शर्ट कुठला घातला होता गं?"

"पिवळा. आन् वरचं बटण तुटलेलं. तुमच्या आईनं टाचणी लावली होती."

टाचणीचं तर तो स्वतःच विसरला होता. पीस पास, शिक्का मारून गाडीत भरावा असा.

आणि तरी सकाळी प्रतिभा अंगण झाडायची तेव्हा तो खिडकीतून बघत राहायचा. अंगणात होले दाणे टिपायला यायचे. खराट्याचा फर्र आवाज यायचा, आणि होला खराट्याच्या दोन फटक्यांच्या मधे उभा राहून दाणे टिपत असायचा. खराट्याचा वारा लागून त्याची पिसं हलायची. तो मान वर करून बघायचासुद्धा नाही. घरातले सगळे आवाज पूर्वीचे होते, भांड्यांचे, बांगड्यांचे, गॅस पेटवायच्या लायटरचे. ते ऐकताना महेंद्रला धास्ती वाटायची आणि त्याच क्षणी बरंही वाटायचं. हे आवाज पुन्हा कानावर येतील, याची आशा त्यानं त्या बाकावर सोडली होती.

दरम्यान त्याचं स्वतःचं माप बदलत होतं. बेचाळीसचे अडतीस झाले. एकतीस, चोवीस. मार्च लागला तेव्हा सतरा पावलांवर गेला तरी टिटवी नुसती मान वळवायची. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तो फुशारला. शेकाटे त्याच्या चपलेपासून हातभर अंतरावर टिपत. खंड्या त्याच्या टोपीच्या सावलीत येऊन बसला. त्यानं काढलेले फोटो बघून पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर लोक विचारायला लागले, एवढ्या जवळून कसं जमतं? यानं लिहिलं, जुना खाकी शर्ट वापरा.

मग प्रतिभाचे रिपोर्ट आणायला तो पुण्याला गेला आणि दोन दिवस हडपसरला लेकीकडे, प्राचीकडे, राहिला. परत आल्यावर सकाळी सवयीनं माप घेतलं. सव्वीस. शर्ट तोच होता. पुन्हा चार दिवस घरी राहिला, प्रतिभाच्या हातचं जेवला, तिच्या शेजारी झोपला, उतारावर तिचा हात धरला. अकरा.

त्यानं वही मिटली. बांधावरून हौसराव चालले होते. ते थांबून म्हणाले, "महेंद्रराव, हल्ली टिटवीचा कालवा ऐकू येत न्हाई तुमच्या टायमाला. मेली का काय?"

"हाय की. ती काय."

"मग बरं झालं. अवलक्षणी पाखरू. गप बसलेलंच चांगलं."

"व्हय," महेंद्र म्हणाला.

५

प्राचीला सहावा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आईच्या आजारपणानं तिचं येणं लांबलं होतं. तिनं फोनवर जाहीर केलं, "पप्पा, रविवारी इंद्रजीत सोडायला येतोय. आता आले की बाळ घेऊनच जाणार. मला आईजवळ झोपायचंय, दुसरं काही नको."

महेंद्रनं प्रतिभाला सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"दोन दिवस राहू दे," ती म्हणाली. "जास्त नको."

"आपली लेक हाय ती. पहिलटकरीण."

"म्हणूनच." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुम्हाला कळलंय. वहीत लिहिताय ते मी बघितलंय."

"काय लिहितोय मी?"

"मला पण होला दिसतो की, अहो."

महेंद्र भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे बघत बसला. प्रश्न पुष्कळ होते आणि त्यातला एकही विचारायची त्याची छाती नव्हती.

"जा म्हणाल तर जाईन," प्रतिभा म्हणाली.

"कुठं?"

"ते मला तरी कुठं ठाऊक? लांब. बाकी काय आठवत न्हाई."

"मग गप बस," महेंद्र म्हणाला. "चहा टाक. आलं घाल जरा जास्त."

ती उठली आणि चहा टाकला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून प्याला.

रविवारी प्राची आली. आईला मिठी मारायला धावली तर प्रतिभा मागं सरली. "पिठाचे हात हायेत गं." संध्याकाळी प्राचीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवायला पाहिलं, तर औषधांचा डबा शोधायला ती उठून आत गेली. रात्री अंथरूण वेगळ्या खोलीत. "दवाखान्यातनं आलेय मी. इन्फेक्शन बिन्फेक्शन असतंय, पोटुशी बाईनं लांब राहावं." प्राचीनं बापाकडे बघितलं. बापानं वर्तमानपत्रात तोंड घातलं.

६

सोमवारी सकाळी प्राची हट्टालाच पेटली. आईचे आणि पप्पांचे पक्षी बघायचेच. महेंद्रला नाही म्हणता आलं नाही. खरं म्हणजे त्याला एक माप हवं होतं, लेकीचं. ते घेतल्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती.

तो चौथऱ्यावर उभा राहिला. दोघी खाली उतरल्या. प्रतिभानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते आणि ती चार पावलं पुढे चालत होती. प्राची उताराच्या मध्यावर पोचली आणि टिटवी ओरडली. महेंद्रनं नजरेनंच अंतर धरलं. पंचेचाळीस तरी भरत होतं. लेक अजून पंचेचाळीसवर होती. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. टिटवीनं प्राचीच्या डोक्यावर फेऱ्या धरल्या, शेकाटे उडाले.

"पप्पा, केवढ्यांदा ओरडते हो ही!" प्राची खालून हसत ओरडली.

"ओरडू दे! चांगलं असतंय!"

अर्ध्या तासातली अजून बारा मिनिटं उरली होती. नियम म्हणजे नियम, तो जागचा हलला नाही. ही त्याची चूक, ती तो पुढं कधी विसरला नाही. शेवाळलेल्या दगडावर प्राचीचा पाय घसरला. ती एका बाजूला कलली आणि प्रतिभा वळली. लेक पडताना पाहून आईचा हात विचारून बाहेर येत नाही. पदर सुटला. तिनं प्राचीचा हात घट्ट पकडला.

टिटवी ओरडता ओरडता मधेच थांबली.

ती खाली उतरली, त्या दोघींपासून वीतभर अंतरावर, आणि चिखलात चोच घालून टिपायला लागली. उडालेले शेकाटे एकेक करून परत आले. ते दोघींच्या पायांमधून फिरू लागले. वरून महेंद्रला सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.

प्राची म्हणत होती, तिचा आवाज पाण्यावरून आला, "आई, तुझा हात धरला की किती शांत वाटतंय गं. बाळ पण शांत झालं बघ. कालपासून नुसतं लाथा मारत होतं."

महेंद्रनं दुर्बीण डोळ्यांना लावली. प्राचीवर फोकस केला. तिच्या कपाळावरचा घाम दिसला, कानातला डूल दिसला. शेजारी प्रतिभा होती, पण धूसर. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, हातात हात, आणि एक स्वच्छ, एक धूसर. त्यानं चाक फिरवलं. प्राची धूसर झाली, मागचं पाणी स्वच्छ झालं. प्रतिभा अजून धूसर. त्यानं आणखी फिरवलं. दौंडच्या काठावरची पत्र्याची खोपटी आली, त्यांचे खिळे मोजता यावेत इतकी. त्यामागची टेकडी आली. प्रतिभा अजून धूसरच. त्यानं चाक फिरवत नेलं, ते जिथं अडतं तिथपर्यंत. चार वर्षांत त्या टोकाला त्यानं कधी काही पाहिलं नव्हतं, तिथं बघायला काही नसतंच. तिथं प्रतिभाचा चेहरा स्वच्छ झाला.

ती त्याच्याकडेच बघत होती. भ्यालेली होती, आणि तिचे ओठ हलत होते.

महेंद्रच्या हातून दुर्बीण सुटून गळ्याशी लोंबली. तो चौथऱ्यावरून उडी टाकून पळाला, गुडघा किती फुटलाय ते त्याला घरी आल्यावर कळलं. "प्रतिभा! सोड! हात सोड तिचा!"

"अहो पप्पा, पडेन ना मी!" प्राची म्हणाली.

"सोड म्हंतो ना!"

प्रतिभानं सोडला नाही. लेकीचा हात दीड महिन्यानं हातात आला होता. महेंद्र पळताना मनात आकडे म्हणत होता, ती त्याची सवयच. एक, दोन, तीन. पाचाला तिनं अंगठा उचलला. सहाला करंगळी. मग एकेक बोट, चिकटलेली घडी सोडवावी तसं. नवाला हात सुटला.

टिटवी फाटकन वर गेली आणि प्राचीच्या डोक्यावर अशी कर्कश ओरडली की प्राचीनं दोन्ही हात पोटावर धरले. मग तिचा चेहरा बदलला.

"पप्पा! बाळ दचकलं! कसली जोरात लाथ मारली बघा!"

महेंद्र चिखलात गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला. वर टिटवी जीव खाऊन ओरडत होती, ज्या ओरडण्याला गाव थुंकतं. त्याला वाटलं, यापेक्षा गोड आवाज आपण जन्मात ऐकला नाही. ओरड बाई, ओरड. माझ्या लेकीवर ओरड, नातवावर ओरड.

"पप्पा, काय झालं तुम्हाला?" प्राचीनं विचारलं.

"काय न्हाई. गुडघा लागला," तो म्हणाला.

७

त्याच दिवशी दुपारी त्यानं जावयाला, इंद्रजीतला, फोन करून बोलावून घेतलं. प्राचीला सांगितलं की बाळंतपण हडपसरलाच करायचं, इथं सोय नाही, आईची तब्येत नाजूक आहे. प्राची आधी चिडली, मग रडली. पहिल्या बाळंतपणाला माहेर नाकारलेली लेक म्हणजे काय, हे तिला भावकीत चार जणी विचारणार होत्या. महेंद्रला ते सगळं ठाऊक होतं. त्याच्याकडे देण्यासारखं एकही कारण नव्हतं.

गाडीत बसताना ती दारातल्या आईला म्हणाली, "मी मेले असते का गं तुझ्याजवळ राहून? दीड महिना झाला दवाखान्यातनं येऊन, एकदा जवळ घेतलं नाहीस. पडताना धरलंस तो हातपण सोडलास."

प्रतिभा उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हात मागे, चौकट घट्ट धरून. "नीट जा," ती म्हणाली. "लोणच्याची बरणी पिशवीत हाय. उभी ठेव, आडवी करू नको."

"ठेव तुलाच तुझी बरणी," प्राची म्हणाली, पण बरणी घेऊन गेली.

गाडी विहाराच्या कोपऱ्यावरून वळली. धुरळा खाली बसेपर्यंत महेंद्र रस्त्यात उभा होता. मग तो आला आणि ओट्यावर बसला. थोड्या वेळानं प्रतिभाही बसली, अंतर ठेवून. ऊन कलत होतं. उसाच्या गाड्या मोठ्या रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"रस्ताभर रडंल ती," प्रतिभा म्हणाली.

"रडू दे. रडायला ताकद लागती. ताकद हाय तिच्यात."

"माझ्यावर राग धरंल."

"धरू दे. जन्मभर धरू दे." त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हातभर अंतरावर होता, कलत्या उन्हात स्वच्छ, कानामागच्या तिळासकट. "तू सोडलास तिचा हात. मला वाटलं न्हाई सोडणार. मी असतो तर सोडला नसता."

"लई जड गेलं हो."

"बघितलं मी."

महेंद्रला मनापासून वाटत होतं ते त्यानं सांगून टाकलं. एरवी असलं बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. "सोळा दिवस मी त्या बाकावर बसलो होतो. नुसता तुझा आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळावा, एवढंच मागत होतो. मला चाळीस दिवस मिळाले. भाकरी मिळाली, चहा मिळाला, शिव्या मिळाल्या. लेक सुखरूप घरी गेली. माझी काय तक्रार न्हाई, प्रतिभा. कुणाकडंच न्हाई."

"तुमचं पाऊल किती आलंय?" तिनं विचारलं.

त्या सकाळी लेकीसाठी धावत तो गाळात उतरला होता. टिटवी नंतर ओरडली ती प्राचीसाठी. पण शेकाटे त्याच्यासाठी हलले नव्हते. तो त्यांच्या मधून पळाला होता आणि एका पाखराच्या अंगावर त्याचा पाय पडता पडता राहिला होता. ते त्याच्या लक्षात होतं. त्यानं ते लिहिलं नव्हतं.

"मोजलं न्हाई," तो म्हणाला.

"खोटं बोलताय."

"बोलू दे की एकदा."

प्रतिभा हसली. तेच हसणं, समोरच्या दाताला लागून जीभ येते ते. महेंद्र सरकून तिच्या जवळ बसला आणि त्यानं तिच्या मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला. हात उबदार होता, पिठानं जरा खरखरीत.

"अहो, नको," ती म्हणाली, आणि हात सोडवून घ्यायला तिनं ओढला.

त्यानं सोडला नाही.